मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नकोस

तुझा परवाचा संदेश मी झेरॉक्सवाल्याकडून कागदावर छापून घेतला आणि लाल शाईनं तपासला. शाळेत तुझी निबंधाची वही तपासायचो तसाच, ओळीन् ओळ. तालुक्याच्या अख्ख्या गटावर तू तो रात्री टाकलास आणि सकाळी तो फुलसावंगीपासून हिवरा संगमपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. त्यात 'मवाळ' आहे, 'विकाऊ' आहे, 'घरभेदी' आहे, 'अस्तनीतला निखारा' आहे, आणि शेवटी 'अशांना पक्षातून हाकला' अशी आरोळी आहे. एकच गोष्ट नाही. त्या माणसानं पक्षाचं कोणतं तत्त्व, कोणत्या बैठकीत, कोणत्या दिवशी सोडलं, ते कुठेच नाही. समासात मी एकच शब्द लिहिला आहे: पुरावा? त्या कागदाला गुण देण्यासारखं मला काही सापडलं नाही.

तू चारचौघांत बोललास, म्हणून मीही चारचौघांतच सांगतो. तुझं नाव घेत नाही. तुझी लाज राखण्यासाठी नव्हे, तर तू एकटा नाहीस म्हणून. महागावात आहेत, उमरखेडला आहेत, पुसदला आहेत. स्वतःला निष्ठावंत म्हणवणारे आणि दिवसातून दोनदा आपल्याच माणसांवर दात खाणारे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. या सगळ्यांनी ऐकावं.

आधी, ज्या भाऊंवर तू तो संदेश लिहिलास, त्यांचा गुन्हा काय ते पाहू. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं, कपाशी पिवळी पडली, पंचनामे रखडले. भाऊंनी तहसीलदारांना निवेदन दिलं आणि त्यावर विरोधी पक्षाच्या दोन माणसांच्याही सह्या घेतल्या. हा पहिला गुन्हा. विरोधी पुढाऱ्याच्या घरी मयत झाली तेव्हा ते सांत्वनाला गेले. हा दुसरा. तिसरा सगळ्यात मोठा, की सभेत बोलताना ते कुणाच्या आईबापापर्यंत जात नाहीत. या तीन गोष्टींवरून तू पंचवीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसाला विकाऊ म्हणालास! ज्यांच्या शेताचे पंचनामे व्हायचे होते त्यात तुझ्या काकाचंही शेत होतं, हे लिहिताना तुला आठवलं नाही?

तुझ्या डोक्यात चार वेगवेगळी माणसं एकाच पोत्यात कोंबली आहेत. एक, जो सौम्य बोलतो. दुसरा, जो निवडून येण्यासाठी इतरांशी युती करतो. तिसरा, जो काल दुसऱ्या पक्षातून आला. आणि चौथा, ज्यानं पदासाठी किंवा पैशासाठी तत्त्व विकलं. तुझा राग या चौथ्यावर असायला हवा. पण चौथा सहसा मोठा असतो, त्याच्या गाडीमागे दहा गाड्या असतात, त्याच्या हातात तिकीट असतं. त्याच्यापुढे तुझी दातखिळी बसते. मग तू पहिल्याला धरतोस, कारण तो उलटून बोलत नाही. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणतोस. मला तुला एवढंच सांगायचं आहे, आणि तेच नीट समजावं म्हणून बाकी सगळं सांगतो आहे.

तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. या भागात जनसंघाचं काम करणं म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. पुसद म्हणजे नाईकांचं पुसद. गहुलीचे वसंतराव नाईक 1963 च्या डिसेंबरपासून 1975 च्या फेब्रुवारीपर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे 1991 साली सुधाकरराव नाईक त्याच खुर्चीवर बसले. त्या काळात तुझे वडील सायकलला पणतीचा झेंडा बांधून मुडाणा, सवना, गुंज फिरायचे. लोक पाणी द्यायचे, मत द्यायचे नाहीत. 1977 साली पणती गेली आणि चक्रातला नांगरधारी शेतकरी आला. त्यांनी तोही डोक्यावर घेतला. 1980 साली कमळ आलं. तेही भिंतीभिंतीवर त्यांनीच काढलं. सतरंज्या त्यांनीच अंथरल्या आणि त्यांनीच उचलल्या. आज उमरखेडचा आमदार कमळाचा आहे. आणि ज्या घराण्याच्या सत्तेसमोर ती पणती तेवत ठेवली, त्या घराण्यातले इंद्रनील नाईक घड्याळ चिन्हावर पुसदचे आमदार आहेत आणि 2024 च्या डिसेंबरपासून तुमच्याच युतीच्या सरकारात राज्यमंत्री आहेत. हे बघून तुझ्या पोटात कालवाकालव होते. व्हायलाच हवी. ज्याला काहीच वाटत नाही तो कार्यकर्ता नव्हे, तो भाड्यानं आणलेला माणूस.

पण मग मला सांग, 2 जुलै 2023 ला तू कुठे होतास? त्या दिवशी अजित पवार आणि त्यांचे सहकारी तुमच्या सरकारात शपथ घेत होते. सिंचनातल्या गैरव्यवहारांचे आरोप करत चितळे समितीकडे बैलगाडीतून पुरावे नेले होते ते तुमच्याच पक्षाच्या नेत्यांनी ना? ते आरोप खरे होते तर ही युती कशी, आणि खोटे होते तर ती बैलगाडी कशासाठी, हा प्रश्न पक्षाच्या बैठकीत उभं राहून विचारण्याचा पहिला हक्क तुझा होता. पोस्टर तू चिकटवली होतीस, घोषणा तू दिल्या होत्यास, घसा तुझा बसला होता. कदाचित त्याला चांगलं उत्तर मिळालं असतं, कदाचित नसतं. पण विचारलं असतंस तर मी तुला निष्ठावंत म्हटलं असतं. तू काय केलंस? स्वागताच्या फलकावर कोपऱ्यात आपला फोटो यावा म्हणून छापखान्यात खेटे घातलेस. आणि तोच तू आज पंचनाम्याच्या निवेदनावरच्या दोन सह्यांसाठी एका सज्जन माणसाचा बाजार उठवायला निघालास. याला बाणेदारपणा म्हणत नाहीत. वरच्यापुढे लाचार आणि खालच्यावर शिरजोर, असा हा सगळा व्यवहार आहे.

जहाल असणं म्हणजे काय ते शिकायचं असेल तर सुरतेपासून शिक. 1907 सालचं काँग्रेस अधिवेशन खरं तर आपल्या नागपूरला व्हायचं होतं. नागपुरात जहालांचं बळ मोठं, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. टिळकांचा राग कशावर होता? गोखले सौम्य बोलतात म्हणून नव्हता. आदल्या वर्षी कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले होते. मवाळ मंडळी त्या ठरावांना सुरतेत मुरड घालतील, ही शंका होती. बघ, मुद्दा किती नेमका आहे! चार ठराव, चार विषय. आणि टिळकांनी केलं काय? स्वागताध्यक्ष मालवी यांच्याकडे आपल्या सहीची चिठ्ठी पाठवली, की मला उपसूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आलं नाही, तेव्हा ते स्वतः व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून हजारोंसमोर उभे राहिले. टोपणनावानं पत्रक काढलं नाही, रात्रीच्या अंधारात कुणाची बदनामी पसरवली नाही.

त्यानंतर जे झालं तेही शीक. मंडपातून जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस दुभंगली. फायदा कुणाचा झाला? सात महिन्यांच्या आत, 22 जुलै 1908 ला, सरकारनं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि मंडालेला धाडलं. जहाल संघटनेच्या बाहेर पडलेले, मवाळ संघटनेत पण लोकांपासून तुटलेले. दोन्ही अर्धी दुबळी झाली. टिळक 1914 साली सुटले आणि त्यांनी पुन्हा जहालांची वेगळी चूल थाटली नाही. 1916 साली लखनौला ते त्याच काँग्रेसमध्ये परतले. गोखले 1915 च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की या माणसाचं अनुकरण करा. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले त्याच्याबद्दल! टिळकांचं भांडण मताशी होतं, म्हणून त्यांना माणूस मोठा दिसला. तुला भाऊंचं मत काय आहे तेच ठाऊक नाही. तू फक्त माणसाशी भांडतोस.

आपल्या वऱ्हाडातलंच बघ. दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथपंत मुधोळकर, दोघेही अमरावतीचे, दोघेही वकील. खापर्डे टिळकांचा उजवा हात. टिळकांच्या शिक्षेविरुद्ध खटपट करायला ते स्वतः इंग्लंडला जाऊन राहिले. मुधोळकर पक्के नेमस्त. 1912 साली बांकीपूरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. 1897 साली अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष खापर्डे होते. एकाच गावात, एकाच कोर्टात, दोन टोकांची मतं घेऊन ही माणसं जगली आणि वऱ्हाडाला दोघांचाही उपयोग झाला. मतभेद कुणीही लपवला नाही. पण समोरचा इंग्रजाला विकला गेला आहे, असं ठरवण्याआधी निदान त्याचं म्हणणं तरी ऐकून घेण्याची रीत होती.

आता घराजवळ ये. लोकनायक बापूजी अणे हे नाव तुला चौकातल्या पाटीवर दिसतं. वणीचा हा माणूस कोण होता माहीत आहे? टिळकांचा कट्टर अनुयायी. 1925 च्या ऑक्टोबरात अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांब्यांनी मध्य प्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात पद घेतलं आणि स्वराज्य पक्षात आग भडकली. मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर, जयकर, मुंजे आणि आपले अणे म्हणाले, की जिथे उपयोग होईल तिथे सहकार्य करावं, जिथे अन्याय होईल तिथे विरोध करावा. हा टिळकांचाच प्रतियोगी सहकार आहे. झालं, कालचे जहाल एका रात्रीत मवाळ ठरले. शिक्के मारणाऱ्यांनी त्यांच्यावरही शिक्का मारला.

आणि मग 10 जुलै 1930 उजाडला. ज्यांना सरकारचे मित्र म्हणून हिणवलं गेलं होतं त्या बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. महागाव तेव्हा पुसद तालुक्यातच होतं, म्हणजे ही आपल्याच मातीतली गोष्ट. अकरा दिवसांनी, 21 जुलैला, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात दुसऱ्या एका माणसानं तोच कायदा मोडला. डॉ. केशव बळीराम हेडगेवार. तुझ्या घरात त्यांचा फोटो आहे. नऊ महिन्यांची शिक्षा झाली, अकोल्याच्या तुरुंगात ते राहिले. ती चळवळ काँग्रेसची होती, हाक गांधींची होती, आणि हेडगेवारांचे गांधींशी मतभेद होते हे तूही जाणतोस. तरी ते गेले. जाण्याआधी सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. परांजप्यांकडे सोपवली आणि गेले. तू त्या काळी असतास आणि तुझ्या हातात हा मोबाइल असता, तर दुसऱ्यांच्या सत्याग्रहात गेले म्हणून तू त्यांनाही मवाळ ठरवलं असतंस. फोटोला हार घालण्याआधी यावर विचार कर.

'गुरुजी, हा फार जुना इतिहास झाला,' असं तू म्हणशील. मग तुझ्या पक्षाचाच घेऊ. 1967 साली जनसंघ बिहारच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारात बसला तेव्हा त्याच सरकारात कम्युनिस्टही होते. त्या वेळी पक्षाची सूत्रं दीनदयाळ उपाध्यायांच्या हातात होती. दीनदयाळांना मवाळ म्हणशील? बलराज मधोक म्हणजे कडवेपणात कुणाला हार न जाणारे, पक्षाचे माजी अध्यक्ष. सहकाऱ्यांवर ते इतके तुटून पडले, की 1973 साली पक्षानं त्यांना काढून टाकलं. विद्वान माणूस, पण पुढे वेगळी चूल मांडून त्यांच्या हाती काही लागलं नाही. आता दुसरं उदाहरण घे. 1980 साली मुंबईच्या अधिवेशनात नव्या पक्षानं 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला. राजमाता विजयाराजे शिंद्यांना तो पटला नाही. त्यांनी आपला विरोध लेखी मांडला, वाजपेयी-अडवाणींसमोर मांडला, आणि पक्षातच राहून शेवटपर्यंत काम केलं. त्या मुद्द्याबद्दल त्या बरोबर होत्या की चूक, हा वेगळा विषय. विरोध कसा करावा ते मात्र त्यांच्याकडून शीक.

1984 साली तुमचे देशभरात दोन खासदार होते. त्यातले एक जंगा रेड्डी. त्यांनी हनमकोंड्यात नरसिंह रावांना हरवलं आणि तेच राव त्याच निवडणुकीत आपल्या विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेत गेले. म्हणजे तेव्हा विदर्भात तुमची काय ताकद होती, ते समज. त्या दोनांवरून पुढे सत्ता आली ती शिव्यांनी आली नाही. महाराष्ट्रात वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजातून माणसं जोडली, गोपीनाथ मुंडे उभे केले, प्रमोद महाजनांनी शिवसेनेशी युती घडवली. यातल्या प्रत्येक पावलाला तुझ्यासारख्या कुणीतरी नाक मुरडलं होतं. 1998 साली वाजपेयींनी आघाडीच्या कार्यक्रमातून राममंदिर, कलम 370 आणि समान नागरी कायदा हे तीन विषय बाजूला ठेवले, तेव्हा दगा दिल्याची ओरड झाली. पण पक्षानं ते विषय आपल्या वहीतून खोडले नव्हते. 5 ऑगस्ट 2019 ला 370 गेलं, 22 जानेवारी 2024 ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. मला यातलं काय पटतं आणि काय नाही, ते मी मतपेटीत सांगतो; माझ्या वर्गात सगळ्या पक्षांच्या घरची पोरं बसत होती. पण एवढं तर तूही बघ, की बाजूला ठेवणं आणि सोडून देणं यात फरक असतो. तो ओळखायला अक्कल लागते, नुसता संताप पुरत नाही.

आणि हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षातले कडवे आपल्याच सौम्य सहकाऱ्यांना नावापुरते रिपब्लिकन म्हणून हिणवतात. 3 ऑक्टोबर 2023 ला त्यांच्यातल्या आठ जणांनी स्वतःच्याच पक्षाचे सभापती केविन मॅकार्थी यांना खाली खेचलं. आठांची ताकद पुरेना म्हणून विरोधी डेमोक्रॅट पक्षाची मतं घेतली. शत्रूशी हातमिळवणी केली म्हणून ज्याला पाडायचं, त्याला पाडायला शत्रूचाच हात धरावा लागला! पुढचे तीन आठवडे ते सभागृह सभापतीवाचून ठप्प होतं. तुझा मार्ग कुठे जातो ते यावरून ओळख.

भाऊंसारख्यांनाही मी सोडत नाही. तुम्ही सौम्य आहात ते ठीक, पण गप्प का असता? युती झाली, तिकीट बाहेरून आलेल्याला गेलं, जुन्या माणसाला डावललं, की कार्यकर्त्याला बोलावून कारण सांगायला नको? 'वरून आलं' एवढं म्हणून हात झटकायचे आणि मग पोरं भडकली की त्यांना उथळ म्हणायचं, हे चालणार नाही. ज्यानं वीस वर्षं खुर्च्या मांडल्या त्याला निदान एक खुर्ची बसायला द्या आणि त्याचं ऐका. सगळ्याच पक्षांत आज हे बोलणं थांबलं आहे. जो समजावून सांगत नाही, त्याच्या सौम्यपणावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पण तुझ्याकडे परत येतो, कारण वर्गात तू पुढच्या बाकावर बसायचास आणि तुझ्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे. एक प्रश्न विचारतो, उत्तर मला देऊ नकोस, स्वतःला दे. तुला भाऊ मवाळ वाटायला लागले ते कधीपासून? त्यांचं भाषण ऐकून, की नगरपंचायतीचा एबी फॉर्म दुसऱ्याच्या हातात पडला त्या रात्रीपासून? तिकिटाचं दुःख हे खरं दुःख आहे, ते सांगायला लाज नाही. सरळ म्हण, की माझ्यावर अन्याय झाला. पण त्या दुःखाला तत्त्वाची शाल पांघरू नकोस. त्यानं तत्त्वाची किंमत जाते आणि उद्या कुणी खरंच तत्त्वासाठी उभा राहिला तर लोक म्हणतात, याचंही तिकीट कापलं असेल.

भाऊंच्या हातातली मतदार यादी मी पाहिली आहे. पानांचे कोपरे मळून काळे झालेले. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण. एका नावापुढे 'मयत', एका मुलीपुढे 'सासरी, दिग्रस', तांड्यावरच्या सलग पाच नावांपुढे 'ऊसतोड, दिवाळीनंतर नाहीत'. एका म्हातारीचं नाव चुकलं होतं, त्यापुढे 'नमुना 8 भरून दिला'. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींची नावं मागच्या कोऱ्या पानावर, नमुना 6 साठी. त्या यादीत विरोधकांच्या घरांपुढेही खुणा होत्या. कुणाचं नाव गळलं असेल तर तेही ते सांगून येतात. मी मास्तरकीत मतदार याद्यांचं सरकारी काम केलेलं आहे, एका यादीमागे किती पायपीट असते ते मला माहीत आहे. तुझीही यादी पाहिली. पांढरीशुभ्र, टाचणीसुद्धा हललेली नाही. तिचा फोटो काढून तू गटावर टाकला होतास, 'कामाला लागलो' असं लिहून. आता सांग, पक्षाच्या विचाराला जास्त कोण जपतो? गळा फाडणारा तू, की उन्हातान्हात दारोदार जाऊन माणसं जोडणारा तो मवाळ?

मला याची इतकी तळमळ का, तेही सांगतो. आपला भाग आडबाजूचा. विधानसभेला उमरखेड, लोकसभेला हिंगोली. राहतो विदर्भात आणि खासदार निवडतो मराठवाड्याबरोबर. नागपूरहून तुळजापूरला जाणारा महामार्ग आपल्या दारातून जातो, त्यावरून मंत्र्यांच्या गाड्या सुसाट निघून जातात. इथल्या कास्तकाराच्या पोराला मंत्र्याला तोंडावर प्रश्न विचारायची एकच जागा असते, ती म्हणजे त्याच्या पक्षाची बैठक. सभेत भाषण ऐकायचं असतं, कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. बैठकीत तेवढं बोलता येतं. तुम्ही पोरांनी ती बैठक ओस पाडली आणि भांडण मोबाइलवर नेलं. तिथे कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही, पुढाऱ्यांना तर मुळीच नाही. तू रात्रभर आपल्याच माणसाला झोडपतोस तेव्हा ज्याला जाब विचारायचा तो निवांत झोपलेला असतो. हे तुझ्या लक्षात कसं येत नाही?

तेव्हा आता हे कर. पहिलं, तो संदेश काढून टाक आणि ज्या गटावर तो टाकलास त्याच गटावर माफी माग. 'भावना दुखावल्या असतील तर' असली माफी नको. 'मी पुराव्याशिवाय लिहिलं, चुकलो' असं लिही. दुसरं, कागद घे आणि पक्षानं कोणती गोष्ट सोडली असं तुला वाटतं ते मुद्देसूद लिही. एका मुद्द्याला एक पुरावा, तारखेसह. ज्या मुद्द्याला पुरावा मिळणार नाही तो खोड. कुणाच्या जातीवर, घरावर, चालीरीतीवर एक अक्षर नको. तिसरं, पुढच्या बैठकीत तो कागद घेऊन उभा राहा आणि वाच. भाऊ असोत की जिल्ह्याचा नेता असो की मंत्री, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून वाच. आवाज चढवू नकोस आणि खालीही पडू देऊ नकोस. ठराव मांड. मतं मिळाली तर तुझं म्हणणं पक्षाचं होईल. नाही मिळाली तर खाली बस, आणि दुसऱ्या दिवशी यादी घेऊन बाहेर पड.

एवढं करायची छाती असेल तर खुशाल जहाल हो, मी तुझ्या पाठीशी आहे. आणि नसेल, तर ज्याच्याकडे ती आहे पण जो आरडाओरडा करत नाही, त्याला मवाळ म्हणण्याचा तुला अधिकार नाही.